पहिल्यांदा आलेल्यांनी उभे राहावे

हैदराबादला पीएच.डी.साठी आले त्या वर्षीच्या डिसेंबरातली गोष्ट. माझी रूममेट ओंगोलकडची, मादिगा समाजातली, ख्रिस्ती. नाताळाआधीच्या रविवारी म्हणाली, चल, गाणी छान असतात, नंतर केकही मिळतो. शहरातले मोठे चर्च होते ते. तीही तिथे पहिल्यांदाच जात होती. दारात कोट घातलेले दोन तरुण उभे होते. त्यांनी हसून हात मिळवला, कार्यक्रमपत्रिका दिली, बसायला जागा दाखवली. आत पंखे, उत्तम माइक, पडद्यावर गीतांचे शब्द. कशाला नाव ठेवावे असे काही नव्हते. दोन गाणी झाली आणि पास्टर अतिशय प्रेमळ आवाजात म्हणाले, आज जे पहिल्यांदा आले आहेत त्यांनी कृपया उभे राहावे, आपण टाळ्या वाजवून त्यांचे स्वागत करू.

मी उभी राहिले नाही. रूममेटही नाही. दोघींनी एकाच वेळी मान खाली घातली, आणि नंतर बोलताना कळले की दोघींना एकच गोष्ट आठवली होती.

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षातून एकदा क्लार्क रजिस्टर घेऊन वर्गात यायचे आणि सर सांगायचे, "शिष्यवृत्तीवाले उभे राहा." ही शिष्यवृत्ती हुशारीची नव्हे, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक असायचे. आम्ही सात जण उभे राहायचो. बाकीची मुले वळून बघायची. त्या बघण्यात राग नसायचा, नुसते बघणे असायचे. हे वाचणाऱ्यांपैकी बहुतेक जण आपापल्या घरातले पहिले पदवीधर आहेत, तेव्हा ते उभे राहणे काय असते ते मी फार समजावून सांगायला नको. रूममेटच्या शाळेत ते तेलुगूत होत असे, एवढाच फरक.

पास्टरांच्या मनात काही वाईट नव्हते, हे मी मनापासून मानते. नवा माणूस आला तर त्याला एकटे वाटू नये, म्हणूनच त्यांनी ही पद्धत ठेवली असणार. पण स्वागत कसे करायचे हे ठरवताना त्यांच्या डोळ्यांसमोर जो पाहुणा होता, त्याला आयुष्यात कधी वर्गात असे उभे केलेले नव्हते.

टाळ्या झाल्यावर एक कार्ड हातात आले. नाव, आडनाव, फोन, पत्ता, मूळ गाव, आणि शेवटची ओळ : याआधी कोणत्या मंडळीत जात होता? मी फक्त नाव लिहिले. उपासनेनंतर चहाच्या टेबलापाशी एक वयस्कर गृहस्थ आले, सौम्य, नीट बोलणारे. आधी पूर्ण नाव विचारले. माझे मराठी आडनाव त्यांना उलगडेना. मग वडील काय करतात, गाव कुठले, आणि शेवटी इंग्रजीत, जरा हळू, 'कम्युनिटी कोणती?' मी म्हटले, बौद्ध. ते म्हणाले, "अच्छा, अच्छा." आणि चहा घ्या म्हणाले. रूममेटचे काम आणखी लवकर झाले. तिला फक्त गाव आणि तिथले चर्च विचारले. तेवढ्यात सगळे कळते.

कसे कळते, ते सांगायला हवे, कारण महाराष्ट्रात वाढलेल्या माझ्यासारखीला ते तिथे राहूनच समजले. आंध्रात मिशनऱ्यांनी एकेक मुलूख वाटून घेतल्यासारखे काम केले. ओंगोल भागात अमेरिकन बाप्टिस्ट मिशनमध्ये आलेले लोक मुख्यतः मादिगा होते; दुष्काळानंतर, ३ जुलै १८७८ रोजी, तिथे एका दिवसात दोन हजारांवर लोकांनी बाप्तिस्मा घेतला. गुंटूरच्या लूथरन मंडळ्यांत मालांचा भरणा मोठा. काही जुन्या कॅथलिक वस्त्यांत रेड्डी आणि कम्मा घराणीही आहेत. त्यामुळे 'याआधी कोणत्या मंडळीत होता?' हा कार्डावरचा अगदी निरागस प्रश्न म्हणजे जात विचारण्याची सभ्य रीत होऊन बसते. विचारणाऱ्याच्या मनात तसे नसले तरीही. आपल्याकडे आडनावावरून जे होते ते तिथे पंथ आणि गाव यांवरून होते.

चर्चमध्ये नव्या माणसाचे स्वागत कसे करावे यावर पुष्कळ बोलले जाते. दारात हसतमुख माणसे ठेवा, पाट्या लावा, चहा द्या, आठवड्याभरात फोन करा. हे सगळे ठीक आहे. पण भारतात चर्चच्या दारातून आत येणाऱ्या माणसापुढचा पहिला प्रश्न चहाचा नसतो. आपण कोण हे किती वेळात ओळखले जाईल आणि ओळखल्यावर काय बदलेल, हा असतो. म्हणून माझे म्हणणे साधे आहे : चर्चचे स्वागत सुधारायचे असेल तर काय वाढवायचे याआधी काय विचारणे बंद करायचे, ते ठरवले पाहिजे.

काही वाचक म्हणतील, चर्चशी आपल्याला काय करायचे? मंदिराचे दार आपण ठोठावले आणि सोडूनही दिले. २ मार्च १९३० ला काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला, १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, विषय संपला. खरे आहे. पण चर्चची गोष्ट वेगळी आहे. तिथे बहुतेक ठिकाणी आपल्याला दार बंद नव्हते. उलट, ते घर उभे करण्यात आपल्याच माणसांचे हात आहेत. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले. चर्चमध्ये जातिभेद आणि अस्पृश्यता आहे हे त्यात मान्य केले आहे, आणि देशातल्या सुमारे १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित असल्याचेही नोंदले आहे. एवढे असूनही पहिला दलित कार्डिनल, हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला, व्हायला २०२२ उजाडले. बहुसंख्य जे आहेत तेच घरात पाहुण्यासारखे, अशी ही स्थिती. त्यामुळे 'पाहुण्यांचे स्वागत' म्हणताना पाहुणा कोण, हेच आधी विचारावे लागते.

इतिहास काढला तर तो इमारतींमध्येच लिहिलेला सापडतो. तमिळनाडूत तिरुनेलवेलीकडे वडक्कनकुळम नावाचे गाव आहे. तिथे १८७० च्या दशकात बांधलेल्या चर्चला दोन लांब दालने होती, वेदीपाशी मिळणारी. एकात वेल्लाळ बसत, दुसऱ्यात नाडार. वेदी एक, पाद्री एक, आणि मधे भिंत. आकारावरून लोक त्याला पँट-चर्च म्हणत. ती भिंत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडावी लागली. त्याच्याही आधी, १८३३ मध्ये, कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधले जातिभेद ताबडतोब संपले पाहिजेत असे पत्र काढले, तेव्हा तंजावरकडच्या पुष्कळ वेल्लाळ ख्रिस्त्यांनी चर्चच सोडले. येशू सुटला तरी चालेल, पंगत सुटता कामा नये. तिरुचिरापल्लीच्या कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या करणारी भिंत आहे, तिच्याविरुद्ध आंदोलने झाली. विळुप्पुरमजवळच्या एरैयूरमध्ये २००८ साली दलित ख्रिस्त्यांनी स्वतंत्र पॅरिश मागितली, त्यावरून हिंसाचार झाला. गोव्यात चर्चच्या कोंफ्रारीया जातीप्रमाणे वाटलेल्या असत. उत्सवात कुणी काय घालून कुठे उभे राहायचे, तेही त्यावर ठरे. आणि १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ख्रिस्ती लोकांच्या सभेत बोलताना बाबासाहेबांनीही दक्षिणेतले ख्रिस्ती चर्चमध्ये जात पाळतात याकडे बोट दाखवले होते.

एवढा इतिहास सांगण्याचे कारण असे की दारावरचा हसरा तरुण या भिंतीच्या अलीकडे उभा असतो. नव्याने आलेल्या माणसाला ती भिंत पहिल्या दिवशी दिसत नाही. ती लग्नाच्या वेळी दिसते, कमिटीच्या निवडणुकीत दिसते आणि शेवटी दफनभूमीत दिसते.

आता कार्डाकडे पुन्हा येते, कारण ते कार्ड नुसते खटकणारे नाही, धोक्याचेही आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर आहेत. १९८५ च्या सूसाई खटल्यात मद्रासमधल्या एका चर्मकाराने दाद मागितली होती. रस्त्यावर बसून काम करणाऱ्या चर्मकारांना सरकारने टपऱ्या दिल्या, त्याला ख्रिस्ती म्हणून नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, धर्म बदलल्यावरही जातीचा जाच तितकाच तीव्र राहतो हे दाखवून द्या. (तिरुचिरापल्लीची भिंत नेऊन दाखवता आली असती तर!) रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढा अशी शिफारस केली, २०२२ मध्ये याच प्रश्नावर के. जी. बालकृष्णन आयोग नेमला गेला. दरम्यान नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीच्या एका तरुणीचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, तेव्हा ती नियमित चर्चला जाते ही गोष्टही विचारात घेतली गेली.

आता त्या रविवारच्या बाकावर जातीचा दाखला असलेला एखादा मुलगा बसला आहे असे समजा. फीमाफी त्याच दाखल्यावर, वसतिगृह त्याच दाखल्यावर. तो फक्त बघायला आला आहे, किंवा मित्राबरोबर, किंवा परीक्षेआधी मनाला बरे वाटते म्हणून. त्याच्या हातात आपण नाव, आडनाव, पत्ता आणि फोन लिहायचे कार्ड देतो आणि त्याला स्वागत म्हणतो. तो पुढच्या रविवारी का येत नाही, यावर मग कमिटीत चर्चा करतो. आपल्या आजोबांना विचारा. १९५६ नंतर कागदावर काय लिहायचे आणि मनात काय ठेवायचे, याची ओढाताण आपल्या घरांनी चौतीस वर्षे काढली आहे. केंद्राच्या सवलती बौद्धांना १९९० पर्यंत नव्हत्या. तेव्हा 'एक काय ते लिहा ना स्पष्ट' असे ज्यांना वाटते त्यांनी जरा थांबावे.

याला दुसरी बाजू आहे आणि ती मला रूममेटने ऐकवली. "तुला वाटतं ते आम्हाला हौसेने नावं विचारतात? नवा माणूस येतो, मागे बसतो, फोनवर व्हिडिओ काढतो, आणि आठवड्याने पोलीस येतात." तिच्या मामांच्या घरातल्या प्रार्थनासभेत असे झाले आहे. उत्तर प्रदेशच्या धर्मांतरविरोधी कायद्यात २०२४ मध्ये दुरुस्ती झाली, आता कुणीही तक्रार करू शकतो. २००८ मध्ये कंधमाळमध्ये जी घरे जळाली त्यांत बहुतांश पाण दलितांची आणि आदिवासींची होती. म्हणजे येणारा घाबरलेला, आणि बोलावणाराही घाबरलेला. चर्चमधल्या जातीवर लिहिले की चर्च फोडणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळते, असेही मला सांगण्यात आले. मला ते पटत नाही. चर्च फोडणाऱ्यांना आतल्या जातीची चिंता कधीच नव्हती. उलट, आत आलेला दलित पुन्हा आपल्या जागी जावा, हीच त्यांची इच्छा. भीती मात्र खरी आहे आणि तिचा विचार स्वागतात करावा लागेल. पण कार्ड भरून घेतल्याने हेरगिरी थांबत नाही. हेर खोटे नाव लिहितो. खरे नाव लिहितो तो बिचारा खरा पाहुणा.

मग करायचे काय? मला जे थोडेफार माहीत आहे ते नगर जिल्ह्यातल्या आत्याच्या गावाकडून. आत्याचे सासर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, आम्ही बौद्ध. आमच्याकडे अशी घरे बरीच आहेत आणि त्यात कुणाला नवल वाटत नाही. त्या मुलखाला मिशनचे देणेही लहान नाही. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण नगरला मिस फॅरार यांच्याकडे घेतले आणि मुक्ता साळवेचा निबंध १८५५ ला छापला तो 'ज्ञानोदय'ने. आत्याचे चर्च म्हणजे पत्र्याची लांब खोली, खाली सतरंज्या. मी दहावीच्या सुट्टीत पहिल्यांदा गेले. कुणी मला उभे केले नाही. एक आजी सरकून बसल्या, मांडीवरचे 'उपासना संगीत' त्यांनी माझ्या मांडीवर उघडून ठेवले आणि बोटाने ओळ दाखवली. बस. पेटी-तबल्यावर ना. वा. टिळकांचे पद चालू होते. चाल अभंगाची होती, ती मला येत होती, त्यामुळे तिसऱ्या ओळीला मीही गात होते. उभे राहायची वेळ आली की पाळकसाहेब आधी सांगत, "आता उभे राहू या." बसायची वेळ आली की, "बसा." त्यांच्या लोकांना ते पाठच होते, ते सांगणे माझ्यासाठी होते, आणि माझे नाव न घेता होते.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात पहिल्या दिवशी मला असे कुणी सांगितले असते तर! आपण सगळे कधी ना कधी अशा दारातून आत गेलो आहोत, जिथे बाकीच्यांना सगळे पाठ असते आणि आपण पुढच्याचे बघून उठबस करतो. म्हणूनच मला वाटते, युवक संघात, स्वागत समितीत आज आपल्यातली जी शिकलेली मुले-मुली आहेत, त्यांच्याइतके हे काम कुणाला जमणार नाही. प्रभुभोजनाच्या वेळी नवख्याने काय करायचे, पुढे यायचे की बसून राहायचे, हे आधीच सर्वांना म्हणून सांगावे. दानाची थैली फिरते तेव्हा पाहुण्याने काही टाकण्याची गरज नाही, हेही. (वीस रुपयांच्या नोटेची घडी करत बसलेली मी मला अजून आठवते.) चहाच्या वेळी पहिला प्रश्न कुठलाही चालेल : उन्हाचा, बसचा, गाण्याचा. आडनाव, गाव, वडिलांचा व्यवसाय नको. माणूस स्वतःहून सांगेल तेव्हा ऐकावे.

आत्याचे चर्च म्हणजे स्वर्ग, असे मात्र समजू नका. तिथे महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती एका सतरंजीवर बसतात आणि सोयरीक करताना दोन धर्मांचे असल्यासारखे वागतात. प्रभुभोजनाला पूर्वी एकच प्याला फिरायचा. नंतर छोटे छोटे पेले आले. मी आत्याला म्हटले, आरोग्याच्या दृष्टीने चांगलेच झाले. ती म्हणाली, "पोरी, दोन-चार घरांना लई आनंद झाला व्हता तवा. आरोग्याचा नव्हता तो." लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त आपली सोवळ्या-ओवळ्याची सवय कशी सुटत गेली ते प्रांजळपणे लिहिले आहे. एका ब्राह्मण बाईला जे सोडायला वेळ लागला ते आपल्याला आपोआप सुटलेले असते, असे आपण का धरून चालतो कोण जाणे.

आणि आपले विहार? एम.ए.ला असताना वर्गातल्या एका मातंग मैत्रिणीला मी पौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या विहारात नेले. वंदना झाली, खीर झाली. आमच्याच एका काकांनी तिला विचारले, "ताई, तुम्ही कुठल्या समाजाच्या?" तिने सांगितले. काका म्हणाले, "अच्छा, अच्छा." त्या रविवारी हैदराबादला ते सौम्य गृहस्थ जेव्हा 'अच्छा, अच्छा' म्हणाले, तेव्हा मला राग यायच्या आधी काका आठवले. मैत्रीण पुन्हा विहारात आली नाही. मीही तिला पुन्हा कधी विचारले नाही, आणि हे मला काकांच्या प्रश्नापेक्षा जास्त लागते.

रूममेट आता हैदराबादेतल्याच एका लहान मंडळीत जाते. वर्षभरात तिथल्या युवक संघात तिला घेतले, स्वागताचे काम दिले. त्यांच्याकडेही तसेच कार्ड होते. ती ते आमच्या खोलीवर घेऊन आली, आम्ही दोघींनी पेन घेऊन एकेक ओळ खोडली आणि शेवटी दोनच ओळी ठेवल्या : 'आम्ही तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू?' आणि 'काही विचारायचे आहे का?' कमिटीत तिने ते मांडले. पास्टरांना कल्पना आवडली. खजिनदारांनी विचारले, फोन नंबर नसेल तर त्या माणसाशी संपर्क कसा ठेवायचा? ती म्हणाली, त्याला वाटले तर तो पुढच्या रविवारी येईलच की. बरीच चर्चा झाली. शेवटी ठरले की नवे कार्ड छापायचे, पण जुनी पाचशे छापून पडली आहेत, ती आधी संपू द्यावीत. मागच्या आठवड्यात मी तिला विचारले. अजून साडेतीनशे उरली आहेत.